फिनिसची सोयरीक

आमच्याकडं सीमा हा शब्द वापरून वापरून पार गुळगुळीत झालाय. सीमाभाग, सीमाप्रश्न, सीमालढा, सीमावासीय, सकाळी पेपर उघडला की कुठं ना कुठं एक सीमा असतेच, आणि नोव्हेंबर तोंडावर आला की जरा जास्तच. १ नोव्हेंबरला शहरात एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, डीजे, लाल-पिवळे झेंडे आणि दुसरीकडं मराठी लोकांचा काळा दिवस, हे बेळगावात वाढलेल्या कुणालाही नवीन नाही. गंमत अशी की शेतात आणि गावात मात्र ह्या वस्तूला कुणी सीमा म्हणतच नाही. शेताला बांध असतो, गावाला शीव असते, तलाठ्याच्या कागदावर हद्द असते. सीमा असते ती सरकारची, पेपरवाल्यांची, नाहीतर मग एखाद्या पोरीचं नाव असतं.

मी घरी इंग्रजीच्या ट्यूशन्स घेते. एकाच सतरंजीवर मराठी मीडियमची आणि कन्नड मीडियमची पोरं बसतात आणि स्पेलिंग पाठ करताना दोघांच्याही तोंडाला सारखाच फेस येतो. स्पर्धा परीक्षावाली तर शब्दांच्या लांबलचक याद्या घेऊन येतात, ए पासून झेड पर्यंत, अर्थासकट, आज पाठ केलं की उद्या निम्मं गायब. त्यांचा तरी काय दोष, ज्यांचं एकमेकांशी नातं माहीत नाही अशी नावं कुणाच्याच लक्षात राहत नाहीत, लग्नात ओळख करून दिलेली माणसं मांडवाबाहेर पडेपर्यंत आपण विसरतो की. म्हणून मी शब्द खानदानानं शिकवते. एक लॅटिन आजोबा पकडायचा आणि त्याची लेकरं, नातवंडं, चुलत, मावस सगळी एका फळ्यावर मांडायची. इंग्रजीत हे जमतं, कारण १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढं कितीतरी काळ तिथल्या कोर्टाची, कचेरीची, वसुलीची भाषा फ्रेंच नाहीतर लॅटिन राहिली. त्यामुळं एकाच आजोबाचा एक नातू फ्रेंचच्या घरात वाढून आलाय, दुसरा थेट लॅटिन पोथ्यांतून उचललाय, आणि दोघं शेजारी शेजारी राहून एकमेकांना ओळख दाखवत नाहीत.

ह्या आजोबांत माझा लाडका म्हणजे फिनिस.

फिनिस म्हणजे शेवट, हे पोरांना न शिकवता पण कळतं. फिनिश, फायनल, सेमीफायनल, गल्लीतली क्रिकेट टूर्नामेंट खेळलेल्या पोराला ह्यात नवीन काय. पण लॅटिनमध्ये फिनिस म्हणजे हद्द पण. जमिनीची हद्द, मुलखाची हद्द. त्याचं अनेकवचन फिनेस, म्हणजे हद्दींच्या आतला सगळा मुलूख. रोमन रस्त्यांवर जिथं एका मुलखाची हद्द संपून दुसऱ्याची लागायची तिथल्या मुक्कामाला सरळ 'आद फिनेस' म्हणायचे, हद्दीपाशी. अशी ठिकाणं बरीच होती, स्वित्झर्लंडमधल्या फीन नावाच्या गावाचं नाव त्यातूनच झिजून झालंय. आणि फ्रान्सचा पश्चिमेचा जो टोकाचा जिल्हा, फिनिस्तेर, तो म्हणजे फिनिस टेरे, जमिनीचा शेवट, पुढं नुसता समुद्र. हे सांगितलं की पोरं लगेच म्हणतात, टीचर, म्हणजे कोगनोळी नाका. बरोबर आहे. कागलकडून येताना दूधगंगा ओलांडली की आमचं आद फिनेस येतंच, टोलनाक्यासकट.

आता फाईन घ्या. फाईन म्हणजे दंड आणि फाईन म्हणजे छान, ही भानगड प्रत्येक पोराला कधी ना कधी छळतेच. हेल्मेट नाही म्हणून पोलीस फाईन मारतो आणि कसा आहेस विचारलं तर आपण फाईन म्हणतो. दोन्ही फिनिसचेच. छानवाला फाईन फ्रेंचातून आला, एखादी गोष्ट शेवटापर्यंत नेली, आता ह्यापुढं आणखी काही करायला उरलं नाही असा माल म्हणजे फाईन, त्यातूनच पुढं रिफाइन, आमच्या दुकानातलं रिफाइंड तेल. आणि दंडवाला फाईन म्हणजे भांडण संपवण्यासाठी दिलेली रक्कम. शिक्षा हा अर्थ मागाहून चिकटला, मुळात तो मामला मिटवण्याचा पैसा. फायनान्सचं पण तेच, जुन्या फ्रेंचात फिनेर म्हणजे संपवणं, देणं फेडून मोकळं होणं. आता फायनान्स म्हटलं की देणं सुरू होतं ही गोष्ट वेगळी. टू-व्हीलर शोरूमच्या बाहेर टेबल टाकून बसलेल्या फायनान्सवाल्या पोराला एकदा हे सांगावंसं फार वाटतं.

हा फाईन मामंजींना फार आवडला. मामंजी म्हणजे माझे सासरे, आयुष्यभर बाँड रायटर, रजिस्टर कचेरीच्या बाहेर बसून खरेदीखतं, वाटणीपत्रं, बक्षीसपत्रं लिहीत आले, आधी मराठीत, मग कन्नडमध्ये, आता डोळ्यांमुळं बंद. त्यांना जुन्या कागदांचा सोस. मी त्यांना सांगितलं की इंग्लंडात पूर्वी जमीन विकायची झाली की लोक मुद्दाम खोटी केस करायचे. घेणारा कोर्टात जाऊन म्हणायचा ही जमीन माझी, देणारा म्हणायचा बरं बाबा तुझी, आणि कोर्टासमोर तडजोड व्हायची. त्या तडजोडीच्या कागदाची सुरुवात असायची 'ही अंतिम तडजोड', लॅटिनमध्ये फिनालिस कॉन्कॉर्डिया, म्हणून त्या कागदालाच फाईन म्हणायचे. आणि कागद कसा, तर एकाच चामड्याच्या तुकड्यावर तोच मजकूर तीनदा, दोन वरती शेजारी शेजारी आणि तिसरा खाली आडवा, मग मधून वेडंवाकडं नागमोडी कापायचं, एक तुकडा घेणाऱ्याला, एक देणाऱ्याला आणि खालचा कोर्टात. पुढं कुणी खोटा कागद घेऊन आला तर तुकडे जुळवून बघायचे. खालच्या तुकड्याला फाईनचा पाय म्हणत, आणि हे पाय ११९५ पासून १८३३ पर्यंत, म्हणजे सहाशेच्या वर वर्षं, इंग्लंडच्या कोर्टात साठत राहिले, अजून त्यांच्या सरकारी दप्तरखान्यात आहेत.

मामंजी जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "खोटी केस करून खरी जमीन. हे आपल्याकडं पण चालतंय की गं, फक्त कापायची पद्धत नाही."

असे दात्रे पाडून कापलेले कागद म्हणजे इंडेंचर, डेन्स म्हणजे दात, डेंटिस्ट त्याचाच सख्खा भाऊ, आणि सरकारी ऑफिसात स्टेशनरीसाठी इंडेंट टाकतात तो पण. पण तो आजोबा वेगळा, त्याच्या घरात आत्ता शिरत नाही.

डिफाइन शिकवायला मात्र मामंजींच्या धंद्याइतकी चांगली गोष्ट मला अजून सापडली नाही. डिफाइनचा अर्थ पोरं व्याख्या करणे असा पाठ करतात, खरं म्हणजे व्याख्या करणे म्हणजे काय हे विचारलं तर परत गप्प. लॅटिनमधलं डेफिनिरे म्हणजे हद्द आखून देणं, इथून इथपर्यंत हे, त्यापलीकडं दुसरं. खरेदीखतात जमिनीचं वर्णन असतं बघा, सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार आणि मग चतुःसीमा, पूर्वेस अमक्याची मिळकत, पश्चिमेस तमक्याची, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस नाला. कन्नड कागदात चक्कुबंदी म्हणतात. मामंजी सांगतात, नंबर चुकला तर दुरुस्त करता येतोय पण चतुःसीमा चुकली तर दोन पिढ्या कोर्टात. जमीन कशी आहे, काळी की तांबडी, तिच्यात काय पिकतंय ह्यातलं एक अक्षर चतुःसीमेत नसतं, नुसती शेजाऱ्यांची नावं असतात, आणि तरी तेवढ्यानं ती जमीन जगातल्या बाकी सगळ्या जमिनींपासून वेगळी निघते. डिफाइन म्हणजे हेच. स्वतःबद्दल काही न बोलता शेजाऱ्यांची नावं सांगायची.

आणि ही शेजाऱ्यांची नावं मोठ्यानं वाचली की माझ्या डोक्यात ट्यूब पेटली, कारण त्यातली निम्मी नावं आमच्या लग्नाच्या फोटोत आहेत.

इथं येतो अफिनिटी. इंग्रजीत आता अफिनिटी म्हणजे ओढ, आपुलकी, जमून जाणं असं काहीतरी छान छान. क्रेडिट कार्डवाले पण वापरतात. पण लॅटिन अफिनिस म्हणजे आद अधिक फिनिस, ज्याची हद्द आपल्या हद्दीला लागून आहे तो. बांधाला बांध असलेला. आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ, लॅटिनमध्येच, लग्नामुळं झालेला नातेवाईक. सोयरा. इंग्रजीत पण हा शब्द पहिल्यांदा आला तो ह्या अर्थानं, लग्नानं जुळलेलं नातं, आणि कायद्यात अजून तसाच आहे, एका बाजूला कॉन्सॅन्ग्विनिटी, म्हणजे रक्ताचं, सांग्विस म्हणजे रक्त, आणि दुसऱ्या बाजूला अफिनिटी, म्हणजे सोयरीक. आपले सगे आणि सोयरे, अगदी तोच हिशेब. आता आमच्याकडं मामाची पोरगी करायची पद्धत, कन्नड लोकांत पण आहे, मराठ्यांत पण आहे, तिथं सगा कुठं संपतो आणि सोयरा कुठं सुरू होतो हे ठरवताना रोमन वकिलाची चांगलीच पंचाईत झाली असती, पण ते असू दे.

मुद्दा असा की हद्दीला लागून असणं आणि सोयरं असणं ह्याला एकच शब्द का, हे माझ्या पुण्याच्या मैत्रिणीला समजावून सांगावं लागलं, आणि आमच्या गावात कुणालाच सांगावं लागलं नाही. माझं माहेर कोवाडच्या बाजूला, चंदगड तालुक्यात. सासर उचगावच्या बाजूला, बेळगाव तालुक्यात. १९५६ पर्यंत ही दोन्ही एकाच जिल्ह्यात, बेळगाव जिल्ह्यात. राज्य पुनर्रचनेचा कायदा झाला आणि १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्यात कायद्यानं एक चिमटा ठेवला, चंदगड तालुका वगळून. तो कोल्हापूरला जोडला. पुढं १९६६ साली महाजन आयोग नेमला, १९६७ ला त्याचा अहवाल आला, महाराष्ट्रानं तो मानला नाही, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा चालू, २०१४ ला बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं, हे सगळं लोकांना पाठ आहे, मी परत सांगत नाही. पण ह्या सगळ्या वर्षांत चंदगडच्या पोरी बेळगाव तालुक्यात द्यायच्या आणि तिकडच्या करून आणायच्या ह्यात काडीचा फरक पडला नाही. का पडावा, बाजार बेळगावचा, दवाखाना बेळगावचा, कपड्याचा बस्ता गणपत गल्लीतला नाहीतर खडेबाजारातला, कोल्हापूर आमच्या माहेरच्या लोकांना जिल्ह्याचं ठिकाण म्हणून कागदावर माहीत. वेंगुर्ला रोडनं निघालं की बाची गेलं, शिनोळी आलं, झालं, महाराष्ट्र सुरू. माझ्या आजीला, म्हणजे आईच्या आईला, शेवटपर्यंत हे पटलं नव्हतं की लेकीकडं जाताना ती दुसऱ्या राज्यात जाते, ती म्हणायची मी तर पलीकडच्या शिवारात जाते.

पुण्याच्या मैत्रिणीला वाटतं सीमाभागात राहणं म्हणजे टोकावर राहणं. तिच्या डोक्यात फिनिस म्हणजे शेवट. इथं राहणाऱ्याला हद्द हा मधला भाग वाटतो, कारण अर्धे पाहुणे ह्या अंगाला आणि अर्धे त्या अंगाला. घरात अक्का, अण्णा, अप्पा हे शब्द मराठीचे की कन्नडचे हे आम्हाला कधी विचारावंसं वाटलं नाही, तुपाला ते तुप्पा म्हणतात आणि आम्ही तूप, पोळीवर दोन्ही सारखंच पसरतं.

अर्थात हे सगळं इतकं गोड पण नाही. कन्फाइन पण फिनिसचंच, हद्दीच्या आत कोंडणं. २०२१ मध्ये कोरोनाच्या काळात महाराष्ट्रातून येणाऱ्याला आरटीपीसीआरचा निगेटिव्ह रिपोर्ट लागायचा, आणि वऱ्हाडं आहेराच्या पिशव्यांबरोबर नाकात काडी घालून घेतलेले रिपोर्ट सांभाळत यायची. २०२२ च्या डिसेंबरात वाद पेटला, गाड्यांवर दगड पडले, दोन्हीकडच्या एसट्या बंद झाल्या, तेव्हा माहेरच्या बारशाला निघालेल्या बाया शिनोळीपर्यंत एका वाहनानं आणि तिथून पुढं दुसऱ्या वाहनानं गेल्या. गेल्या मात्र. बारसं काय थांबत नाही.

अफिनिटीचं एक कवतिक सांगायचं राहिलं. १८३० साली रायशेनबाख नावाच्या जर्मन केमिस्टनं लाकडाच्या डांबरातून एक मेण काढलं. ते मेण कशाशीच संयोग पावेना. ॲसिड घाला, अल्कली घाला, हे आपलं ढिम्म. त्यानं त्याला नाव दिलं पॅराफिन, पारूम म्हणजे कमी आणि अफिनिस म्हणजे सोयरा. ज्याला कुणी सोयरं नाही ते. लाईट गेली की आम्ही जी मेणबत्ती लावतो तिचं मेण हेच. हे सांगितल्यावर वर्गात एक कन्नड मीडियमचा पोरगा, एरवी तोंड न उघडणारा, मराठीतच म्हणाला, टीचर, त्याला स्थळंच येत नसणार. तेव्हापासून पॅराफिन हा शब्द माझ्या ट्यूशनमध्ये कुणी विसरलेलं नाही, आणि एका काकाचं टोपणनाव पण पडलंय, ते जाऊ दे.

हद्दीचा लॅटिनमध्ये फिनिस एकटाच नाही. लीमेस आहे, त्याचं लिमिट झालं. लीमेन म्हणजे उंबरा, उंबऱ्याच्या बाहेर काढलं की एलिमिनेट, उंबऱ्याच्या आधीचं ते प्रिलिमिनरी, म्हणजे ही प्रिलिम्सवाली पोरं अजून उंबऱ्याच्या बाहेरच उभी आहेत म्हणायची. पण ह्यांच्यापेक्षा मला टर्मिनस भारी वाटतो. बेळगावात सीबीटी म्हटलं की रिक्षावाला सरळ सिटी बसस्टँडला नेऊन सोडतो, त्यातल्या टीचं टर्मिनस म्हणा नाहीतर टर्मिनल म्हणा, मूळ तेच. आणि हा टर्मिनस रोममध्ये चक्क देव होता. हद्दीच्या दगडाचा देव. २३ फेब्रुवारीला त्याचा सण, टर्मिनालिया. ओव्हिड ह्या कवीनं त्याचं वर्णन केलंय, हद्दीच्या दोन्ही बाजूंचे शेतकरी आपापल्या बाजूनं यायचे, दोघंही दगडाला आपापल्या बाजूनं हार घालायचे, धान्य, मध, दारू वाहायचे, कोकराचं नाहीतर डुकराचं रक्त दगडावर शिंपायचे आणि मग सगळे मिळून जेवायचे. आपल्या शिवेवरच्या म्हसोबाला हे वर्णन वाचून दाखवलं तर त्याला वेगळं काही वाटणार नाही. आमच्याकडच्या गावांत लक्ष्मीची जत्रा होते तेव्हा शेवटी देवीला वाजतगाजत शिवेकडं नेतात, तिथं पण दुसऱ्या गावचे पाहुणे असतातच, आणि जेवणं असतातच.

रोमन लोकांची अजून एक गोष्ट, हद्दीचा दगड ज्यानं नांगरून उखडला तो माणूस शापित, आणि एकटा तो नव्हे, त्याचे बैल पण. बांध कोरणारा माणूस प्रत्येक गावात असतो, दरवर्षी नांगरटीला नांगराचं एक एक तास पलीकडं सरकवत जायचा, आता ट्रॅक्टर आल्यापासून काम सोपं. बैल बिचारे मुके, त्यांना काय माहीत हद्द कुणाची, पण रोमन कायदा म्हणतो औत ओढलंस ना, मग तू पण. ट्रॅक्टरला शाप लागतो का हे मामंजींनी विचारलं, मी म्हटलं हप्ते थकले की लागतो.

आणि टर्मिनस हट्टी पण होता. रोमच्या टेकडीवर ज्युपिटरचं मोठं देऊळ बांधायचं ठरलं, तिथली बारकी बारकी देवस्थानं हलवायची ठरली, बाकीचे देव कौल देऊन हलले, टर्मिनस हलला नाही. मग तो दगड तिथंच ठेवून त्याच्याभोवती देऊळ बांधलं, आणि टर्मिनसला उघड्या आभाळाखालीच पूजतात म्हणून वर छपराला भोक ठेवलं. देवांच्या राजाच्या घरात भोक, एका दगडासाठी. टर्म, डिटरमिन, टर्म्स अँड कंडिशन्स, टर्म डिपॉझिट हे सगळे त्याच दगडाचे. एक्स्टर्मिनेट पण. मुळात एक्स्टर्मिनेट म्हणजे हद्दीपार करणं, तडीपार. ठार संपवणं हा अर्थ नंतरचा. माणसाला शिवेबाहेर घालवणं आणि माणूस संपवणं ह्यात फार अंतर नव्हतं त्या काळात, वाळीत टाकलेल्या घरांच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसले ते. शेजाऱ्यासाठी रोमन लोकांकडं आणखी एक शब्द होता. जमिनीनं लागून असलेला तो अफिनिस. आणि पाण्यानं लागून असलेला तो रिवालिस. रिवुस म्हणजे ओढा, नाला, पाट. एकाच ओढ्याचं पाणी जे दोघं आपल्या रानात घेतात ते एकमेकांचे रिवालिस, रोमन कायद्याच्या पुस्तकात ही व्याख्या आहे. त्याचाच रायव्हल. प्रतिस्पर्धी हा अर्थ काय इंग्रजांनी लावला नाही, लॅटिनमध्येच रिवालिस म्हणजे एकाच पोरीच्या मागं असलेले दोघं असा अर्थ होऊन गेला होता. पाटाच्या पाळीवरनं फावडी निघालेली ज्यांनी बघितलीत त्यांना हा प्रवास एका मिनिटात कळतो.

पोरं इथं हमखास रिव्हर आणि रायव्हल एका घरात बसवतात, स्पेलिंग बघून कुणालाही तसंच वाटणार. पण रिव्हर वेगळा. तो रीपा म्हणजे काठ, किनारा, ह्याच्यातून फ्रेंचमार्गे आला. अराइव्ह पण त्याच रीपाचा, काठाला लागणे, होडीतून उतरणे, आणि आता ट्रेन ॲट प्लॅटफॉर्म नंबर वन. म्हणजे रिव्हरमध्ये मुळात पाणीच नाही, नुसता काठ आहे. पाणी आहे ते रायव्हलमध्ये. आणि डिराइव्हमध्ये, डे अधिक रिवुस, ओढ्यातून पाणी फोडून दुसरीकडं नेणे. गणिताच्या पेपरात डिराइव्ह द फॉर्म्युला लिहिणाऱ्याला पाट फोडायला सांगितलाय हे कुठं ठाऊक असतंय.

म्हादईचं प्रकरण माहीत असेलच. म्हादई आमच्या जिल्ह्यातच उगवते, खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात, आणि पश्चिमेला गोव्यात उतरून मांडवी होते. मलप्रभा पण खानापूर तालुक्यातलीच, कणकुंबीला उगवते, पूर्वेला जाते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते. मलप्रभेचं धरण दरवर्षी भरत नाही आणि हुबळी-धारवाडला प्यायला पाणी पाहिजे, म्हणून कळसा आणि भांडुरा ह्या म्हादईच्या नाल्यांचं पाणी मलप्रभेत वळवायचं, ही कर्नाटकची योजना, गोव्याचा तिला कडाडून विरोध. २०१० ला लवाद नेमला, २०१८ च्या ऑगस्टमध्ये निकाल आला, गोव्याला २४ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट पाणी, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३. भांडण त्यानंतर पण चालूच. आता ह्या प्रकरणात इंग्रजीतून जे लिहिलं जातं ते बघा. तिन्ही राज्यांना कायद्याच्या भाषेत रायपेरियन स्टेट्स म्हणतात, रीपावाले, काठावरची राज्यं. किती सभ्य शब्द. आणि योजना म्हणजे अक्षरशः डिराइव्ह, नाल्यातून पाणी काढून नेणं. आणि नाला म्हणजे रिवुस. म्हणजे कागदावर सगळे काठकरी, आणि रानात सगळे रिवालिस.

पण माझ्या डोक्यातून जात नाही ते हे की अफिनिस आणि रिवालिस ही रोमन लोकांनी दोन वेगळी माणसं असल्यासारखी लिहिलीत, एक बांधाचा, एक पाटाचा, आणि आमच्याकडं तो एकच माणूस असतो. मामंजींच्या खरेदीखतात उत्तरेस नाला आणि पूर्वेस अमक्याची मिळकत लिहिलेलं असतं, त्या अमक्यानं नाल्यावर मोटर बसवली म्हणून पाच वर्षं त्यांच्याशी अबोला, आणि त्याच घरात आमची चुलत नणंद दिलेली. अबोला असताना दिवाळीचं बोलावणं गेलंच, मोटर काढली नाही, मानपानात काही कमी केलं नाही. खानापूरच्या रानातल्या गावांचे पाहुणे सत्तरी तालुक्यात आहेत, गोव्यात, चोर्ल्याचा घाट उतरला की. म्हादईवरून बंद पुकारला की ते तिकडं मोर्चात आणि हे इकडं मोर्चात, आणि रविवारी जांभोटीला एकाच लग्नात जेवायला. पंगतीत पाण्याचा विषय निघतोच. भांडतात, ताट बाजूला सारून भांडतात, मग वाढपी येतो.

हे मी मामंजींना सांगत होते तेव्हाच मला अजून एक सापडलं होतं, ते मी मुद्दाम शेवटाला ठेवलं होतं. कणकुंबीच्या डोंगरात पाऊस पडतो, तिथं पाणी दोन्हीकडं फुटतं, एका उताराचं मलप्रभेतून बंगालच्या समुद्राला, दुसऱ्या उताराचं म्हादईतून गोव्याच्या समुद्राला. अशा कण्याला लॅटिनमध्ये म्हणतात दिवॉर्टियुम आक्वारुम. दिवॉर्टियुम म्हणजे दोन दिशांना वळणं, फाटा फुटणं, आक्वा म्हणजे पाणी. आणि त्याच दिवॉर्टियुमचा इंग्रजीत डिव्होर्स झालाय, डायव्हर्ट पण त्याच घरातला. म्हणजे म्हादई आणि मलप्रभेचा कणकुंबीला डिव्होर्स झालाय आणि सरकार डायव्हर्ट करून त्यांचा परत संसार मांडायला निघालंय.

मामंजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मग ते १३.४२ टीएमसी काय म्हणून धरायचं गं," ते म्हणाले, "पोटगी?"